प्रश्नाआधी वर आलेल्या पाट्या

अझ्रू, ३ मार्च

बतूल,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं तुला दिसायला नको म्हणून कागद बदलला आणि आता मीच ते सांगून बसले.

फोनवर तू मला ब्लॉक करून टाकलंस, म्हणून हे पत्र. तुमच्या खेनिफ्राला जाणाऱ्या शेअर टॅक्सीच्या सी मिमूनकडे देणार आहे. तो माणूस कुठलंही पाकीट घेताना उजेडासमोर धरतो. म्हणेल पत्ता वाचतोय. पत्ता वाचायला उजेड मागून कशाला लागतो? म्हणून पत्राभोवती वहीचं निळं कव्हर गुंडाळलंय.

सरळ मुद्द्यावर येते. बारा फेब्रुवारीला माझ्या परीक्षेच्या पाठात जे झालं, ते कुणी घडवून आणलं?

तू मागच्या बाकावरच होतीस, मांडीवर निरीक्षणपत्रक घेऊन. एकीने शिकवायचं, दुसरीने मागे बसून तिच्या चुका लिहायच्या आणि कागद केंद्राकडे धाडायचा, अशी आपल्या शिक्षक-प्रशिक्षण केंद्राची रीत. ज्याने ती काढली त्याला आयुष्यात मैत्रिणी नसाव्यात. म्हणजे तुला सगळं ठाऊक आहे. तरी मी माझ्या बाजूने लिहिते, कारण तू तिथे काय लिहिलंस ते मला कुणी दाखवलेलं नाही.

दुसरीचा वर्ग, एकतीस पोरं, गणिताचा तास. केंद्राहून परीक्षक बाई, उस्तादा खनाता, आलेल्या, कोट न काढता खुर्चीत बसलेल्या. मी पहिलं उदाहरण विचारलं, सात आणि आठ. मग रिवाजाप्रमाणे टेबलावर पट्टी आपटली, पोरांनी लिहिलं. दुसऱ्यांदा आपटली, एकतीस पाट्या वर, एकतीस ठिकाणी पंधरा. उस्तादा खनातांनी मान डोलावली. इतक्यात कोपऱ्यात हम्मू कुजबुजायला लागला, त्याला गप्प करायला मी पट्टी आपटली. तो गप्प झाला नाही, म्हणून परत आपटली. आणि एकतीस पाट्या वर आल्या. सगळ्यांवर तेवीस.

दुसरं उदाहरण मी अजून तोंडातून काढलंच नव्हतं.

उस्तादा खनातांनी पाट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "आणि प्रश्न?"

मी मागे बघितलं, तर तू रुमालाचं टोक तोंडावर धरलं होतंस.

आदल्या दिवशी मी थोडा सराव घेतला होता, ते मी नाकारत नाही. सगळेच घेतात. आपले मार्गदर्शक उस्ताद बेनासर स्वतःच म्हणाले होते की पोराला आंघोळ घालून पाहुण्यांसमोर नेण्यात पाप नाही. पण सराव वेगळा आणि हे वेगळं. त्याच दिवशी दुपारी मी चित्रांचे कागद आणायला खाली दुकानात गेले, तेव्हा तू अर्धा तास वर्गात एकटी होतीस. मी परत आले तर पोरं एकदम चूप. शेगडीजवळच्या इत्तोने, त्या दोन दात पडलेल्या पोरीने, माझ्याकडे बघून नजर खाली घातली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. तू त्यांना काय सांगितलंस?

चौकशी संपेपर्यंत तुला घरी पाठवलंय, हे कानावर आलं. वर्गात मुलीला मारल्याचा आरोप म्हणजे लहान गोष्ट नाही. वाईट वाटलं. तुझं ताजीनचं छोटं मातीचं भांडं इथे खोलीवरच राहिलंय. मी ते वापरत नाही.

नुझा


अझ्रू, ९ मार्च

बतूल,

उत्तर नाही. मिमून म्हणतो पत्र तुझ्या आईच्या हातात दिलं. आईने तुला दिलं की नाही हे कसं कळावं? तुझ्या आईला मी कधीच आवडले नाही. गेल्या ईदला त्यांनी सगळ्यांना बदामाच्या सारणाचे दोन-दोन कआब वाढले आणि मला एक. विसरल्या म्हणालीस तू.

इथे घरमालकीण लल्ला मबारका रोज विचारतात, तुझी मैत्रीण कधी येणार. म्हणजे दुसरी भाडेकरू ठेवायची आहे. उस्ताद बेनासर काही विचारत नाहीत, ते जास्त त्रासदायक. परवा चहात शीबाची कडू पानं घालता घालता म्हणाले, "नुझा, तू तर आरशातल्या बाईकडेही ओळखपत्र मागशील." सगळे शिक्षक हसले. सगळे एकाच वेळी हसले, म्हणजे हे आधीही कधी तरी बोललं गेलंय.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. चौकशीच्या कागदांबरोबर तुला निरीक्षणपत्रकाची प्रत मिळाली असेल आणि खाली माझी सही आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही. हो, ते मी लिहिलं. माझ्या पाठानंतर तीन दिवसांनी तुझा रोजचा तास होता आणि मागच्या बाकावर मी होते.

जे दिसलं ते लिहिलं. मधल्या सुट्टीच्या आधी तू इत्तोला टेबलाजवळ बोलावलंस. तिचा तळहात उघडून धरलास. टेबलावर पट्टी होती. मुलगी रडली. बस, इतकंच. 'मारलं' हा शब्द मी लिहिलेला नाही, हवं तर पत्रक काढून बघ. आपल्या लहानपणी पट्टी टेबलावर असताना हात पुढे करायला कशासाठी सांगत, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेल तर त्याला मी काय करू?

सूड वगैरे तुझ्या डोक्यात आलं असेल. तीन दिवसांचं अंतर हा योगायोग आहे.

माझा पाठ पुन्हा घ्यायचा ठरलाय, सत्तावीस मार्चला. त्यात नापास झाले तर वर्ष गेलं आणि नेमणूकही गेली. माझ्या आईने आमच्या सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय की पोरगी मास्तरीण झाली. तेव्हा बारा तारखेला खरं काय झालं ते मला त्याआधी कळायलाच हवं. ज्याने एकदा केलं तो परत करेल. तू इथे नाहीस, पण पोरं आहेत.

नुझा


अझ्रू, १६ मार्च

बतूल,

मी तपास केला.

हसू नकोस. खिशात बदाम भरून घेतले आणि मधल्या सुट्टीत एकेकाला शेगडीसाठी लाकडं आणायच्या निमित्ताने व्हरांड्यात नेलं. हम्मूने दोन बदाम खाल्ले आणि सांगितलं की सगळं अदीलने केलं. अदीलने तीन खाल्ले आणि हम्मूचं नाव घेतलं. एका पोरीने तर उस्ताद बेनासरांवरच आळ घेतला. सहाव्या पोरापर्यंत मला कळलं की बदाम कशासाठी मिळतात ते वर्गभर झालंय आणि प्रत्येक जण घरून एकेक गुन्हेगार ठरवून येतोय. एकाने मला हळूच विचारलं, मी कुणाचं नाव घेऊ.

शेवटी इत्तोला बोलावलं. तिने बदामाला हात लावला नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि मी विचारायच्या आधीच तिने मला विचारलं की मी आता जाणार का. गेल्या वर्षीच्या उस्तादा हिवाळ्यात गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

मी म्हटलं, नाही जाणार, पण आधी मला सांग, त्या दिवशी तुम्ही प्रश्नाच्या आधीच का लिहिलंत?

ती मला म्हणाली, "तुम्हीच तसं शिकवलंत."

आणि बतूल, मी तिच्यावर ओरडणार होते, तेवढ्यात मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, मी विसरले कधी होते? अकरा तारखेला 'थोडा सराव' नव्हता. मी अख्खी मधली सुट्टी पोरांना बसवून ठेवलं. पाचच उदाहरणं, परत परत. पहिल्या तीन फेऱ्यांना मी प्रश्न विचारत होते. मग शेगडीच्या धुराने माझा घसा बसला. प्रश्न तर पोरांना पाठच होते, म्हणून मी नुसती पट्टी आपटत राहिले. एकदा, लिहा. दोनदा, वर. पंधरा, तेवीस, नऊ, तीस, बारा. पट्टी आपटली की पुढचा आकडा. दहा वेळा तरी केलं असेल. पोरांनी चूक केली नाही, माझा धडा बिनचूक म्हणून दाखवला. ज्या दिवशी एकतीसच्या एकतीस पोरं माझ्या शब्दाबाहेर गेली नाहीत, त्याच दिवशी मी नापास झाले.

तरीही मी सोडलं नाही. मी तशी आहे, तुला माहीत आहे. मी इत्तोला विचारलं, मग त्या दुपारी बतूल उस्तादांनी अर्धा तास काय सांगितलं तुम्हाला?

तिने आधी इकडेतिकडे बघितलं.

"त्या म्हणाल्या, उद्या प्रश्न पुरता कानावर पडेपर्यंत खडू उचलायचा नाही. आम्हाला तसं करून पण दाखवायला लावलं, खूप वेळा. पण तुम्ही सकाळी सांगितलं होतं ना, आजउद्या माझ्याशिवाय कुणाचं ऐकू नका, कुणी वेगळं सांगितलं तर ते मला पाडायलाच. मग आम्ही त्यांना नुसतं हो म्हटलं. आम्ही तुमच्या बाजूचे, उस्तादा."

मी तिला आत पाठवलं.

तू माझा सराव व्हरांड्यातून बघितला असणार. उद्या काय होणार हे तुला दिसलं. मला सांगायला आली असतीस तर मी म्हटलं असतं, बतूलला माझा पाठ बिघडवायचाय. हे तुलाही माहीत होतं, म्हणून तू मला न सांगता पोरांना सांगायला गेलीस. आणि तिथे तुझ्या आधी माझा संशय जाऊन बसला होता. सात वर्षांची पोरं, त्यांना बेरीज यायच्या आधी मी हे शिकवलं.

तू त्या दिवशी रुमालाआड हसत होतीस की नाही, हे मला आता विचारायचं नाही.

आज पत्राभोवती निळं कव्हर घालत नाही.

नुझा


अझ्रू, २३ मार्च

बतूल,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. आधीची तिन्ही फाडून टाकली असशील तरी हे वाच.

चौकशीसाठी इत्तोच्या वडिलांची सही असलेला जबाब हवा होता. उस्ताद बेनासरांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांनी मला वर डोंगरावर तिच्या घरी पाठवलं. मला वाटलं, मुद्दाम पाठवतायत. अजूनही तसंच वाटतं, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

सी हद्दू मेंढ्या राखतात, तुला माहीत असतील, शेगडीची लाकडं गाढवावर घालून तेच आणतात. माणूस सज्जन. त्यांनी मला आत बसवलं, गरम भाकरी आणि लोणी पुढे केलं, चहा स्वतः ओतला. मी कागद काढला. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, प्रशिक्षणार्थी शिक्षिकेने विद्यार्थिनीच्या तळहातावर पट्टीने मारल्याचा संशय. माझ्या चार ओळींचं केंद्रापर्यंत जाता जाता हे झालं होतं.

ते म्हणाले, मला माहीत आहे, असाच एक कागद आधी आला होता, शेजाऱ्याच्या मुलाने वाचला. मग चहाचा पेला खाली ठेवून मला म्हणाले:

"पोरगी म्हणते मारलं नाही. कागद म्हणतो मारलं. शिकलेल्या माणसांचा सरकारी कागद, तो कशाला खोटं बोलेल? मी तिला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नाही म्हणाली. मग खोटं बोलते म्हणून मीच दोन ठेवून दिल्या. काळजी करू नका उस्तादा, आता ती हो म्हणेल."

ते मला धीर देत होते, बतूल. आपण शाळेच्या उपयोगी पडलो असं त्यांना वाटत होतं.

इत्तो दारात कोकराला घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, हो अशी. मला जे हवं ते द्यायला ती तयार होती. ती माझ्या बाजूची होती.

मी सही घेतली नाही. अंगठाही नाही. पावसाचं निमित्त काढून खाली आले.

आता त्या दिवशी मी काय पाहिलं ते सगळं लिहिते, कारण आजवर कुठेच सगळं लिहिलेलं नाही. तू इत्तोला बोलावलंस, कारण ती शेगडीत लाकूड टाकून आल्यापासून हात पोटाशी धरून बसली होती. तू तळहात उघडलास आणि खिडकीकडे फिरवलास. मग रुमालाच्या कडेला टोचलेली सुई काढलीस. आगपेटीची काडी ओढून सुई ज्योतीवर धरलीस. काडीचा वास माझ्यापर्यंत आला. लाकडाचं कुसळ बरंच आत होतं, म्हणून ती रडली. कुसळ निघाल्यावर तू ते तिच्या दुसऱ्या हातावर ठेवलंस, बघ किती मोठं होतं म्हणून, आणि ती रडता रडता हसली.

मला सुई दिसली होती. पहिल्यापासून दिसली होती. पत्रकात तळहात लिहिला, पट्टी लिहिली, रडणं लिहिलं. तिन्ही गोष्टी खऱ्या. सुई लिहिली नाही, आगपेटी लिहिली नाही, हसणं लिहिलं नाही. लिहून झाल्यावर मी ते परत वाचलं आणि 'मारलं' असं कुठेही आलेलं नाही याची खात्री करून घेतली. उद्या कुणी विचारलं तर आपण खोटं बोललो नाही असं म्हणता यावं म्हणून. मला त्या पत्रकाचा अभिमान वाटला होता. तीन दिवसांचं अंतर योगायोग नव्हता. मी तीन दिवस वाट बघत होते, तुझं काही तरी चुकेल म्हणून. तुझं काही चुकेना, तेव्हा मी चूक लिहून तयार केली.

माफ कर असं लिहीत नाही. माफी मागितली की समोरच्याला काही तरी द्यावं लागतं आणि तुझ्याकडून मी पुष्कळ घेतलंय.

नुझा


मेक्नेस, २६ मार्च

बतूल,

आज केंद्रावर आले आणि उस्तादा खनातांना दोन पानी जबाब दिला. सुईपासून सगळं. खाली सही, तारीख, ओळखपत्राचा क्रमांक.

त्यांनी तो उभ्यानेच वाचला. मग दार लावून घेतलं आणि मला बसायला सांगितलं. म्हणाल्या, "हे आज नोंदवलं तर उद्याचा तुझा पाठ होणार नाही. चौकशी तुझ्यावर सुरू होईल. परवा आणून दिलंस, तर पाठ झालेला असेल. तुझ्या मैत्रिणीला दोन दिवसांनी काही फरक पडत नाही."

मला आधी वाटलं, ही परीक्षा आहे. मग वाटलं, यांना मी परवा यायलाच नको आहे, केंद्राची बदनामी होईल म्हणून. मग वाटलं, कदाचित खरंच दया आली असेल. त्यांच्या तोंडाकडे बघून मला यातलं काही ठरवता आलं नाही. पहिल्यांदाच मला कळलं की ते ठरवायची गरजही नाही. मी म्हटलं, आजच नोंदवा. सी हद्दूंच्या घरी त्या पोरीला फरक पडतो, रोज पडतो.

त्यांनी शिक्का मारला. उद्याचा पाठ रद्द. माझ्या जागी दुसरीच्या वर्गावर कोण येणार ते माहीत नाही. इत्तोला मी जाणार नाही म्हणून सांगितलं होतं. तेही खोटं ठरलं.

मी निघायच्या आधी, माझ्याकडून सगळं ऐकून, उस्ताद बेनासर सी हद्दूंकडे जाऊन आले, दुखऱ्या गुडघ्यांनी. काय बोलले ते मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की इत्तोचा बाप उठून पोरीजवळ जाऊन बसला. माझ्या आईला मी अजून फोन केलेला नाही. मला भीती वाटते.

सुनावणी येत्या मंगळवारी सकाळी दहाला आहे, केंद्राच्या पहिल्या मजल्यावर. तुलाही बोलावणं येईल. ते बघून तुला वाटेल यात काही तरी डाव आहे. ही नुझा आहे, ती बोलावते म्हणजे मला आणखी खोलात ढकलायलाच. तुझ्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं आणि मी आले नसते. तू ये. माझ्यावर विश्वास ठेवून नको. उस्तादा खनातांच्या कार्यालयात फोन करून आधी खात्री करून घे, मगच ये.

आत आधी मला बोलावणार आहेत. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. मी बोलत असताना दार उघडं ठेवा, अशी लेखी विनंती मी केली आहे आणि ती त्यांनी मान्य केली आहे. बाहेर व्हरांड्यात बाक आहे. तिथे बसून ऐक, आणि मी काही गाळलं तर आत येऊन सांग.

नुझा